राजपुत्राची आई

‘व्हिडिओ गेम’ हा विषय पालकसभेत निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मुलांचे डोळे गेले, अभ्यास गेला, मैदाने ओस पडली. दुसरा तट गप्प बसतो, कारण त्यांच्याही घरी तेच चाललेले असते. मी या दुसऱ्या तटातली. तेव्हा या लेखात कुणी गेमचे दुष्परिणाम शोधू नयेत. त्यावर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही येईलच.

मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी. माझी मुलगी सध्या इथेच आठवीत आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या आतेभावाने त्याचा जुना संगणक आमच्याकडे आणून ठेवला. त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ सालचा गेम होता. आजच्या मुलांच्या हिशेबाने हा जवळजवळ पुराणकाळच! तरी तिने तो आठ-दहा दिवसांत संपवला आणि जेवणाच्या ताटावर जाहीर केले, “मी यातल्या राजपुत्राच्या घरच्यांवर गोष्ट लिहिणार आहे. मराठीतून.”

हैदराबादेत वाढणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना यातला शेवटचा शब्द ऐकून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. घराबाहेर पडल्यावर हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी यांच्या मिसळीत मराठी फक्त परीक्षेपुरती उरते. मी लगेच उठून दोनशे पानी फुलस्केप वही काढून दिली.

आवडत्या कथेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः रचलेल्या कथेला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात, ही माहिती मला मुलीकडून मिळाली. “दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहायचं म्हणजे उष्टंच की,” असे तिचे बाबा म्हणाले. यावर आमच्या सासूबाईंनी जे उत्तर दिले ते मला फार आवडले. त्या म्हणाल्या, “मग आपल्याकडे उष्टं सोडून आहे काय? कीर्तनकारबुवा उत्तररंगात काय करतात?”

खरेच आहे. कालिदासाने महाभारतातली शकुंतला घेतली आणि दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी हे सगळे पदरचे घातले. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. तो कथा नव्हे, चिकित्सेचा ग्रंथ, पण माणसे तीच. महाभारतात कर्णाच्या बायकोला कुणी फारसे विचारत नाही. ‘मृत्युंजय’मध्ये वृषाली स्वतः बोलते. आमच्या आठवीतल्या बाईसाहेब याच घराण्यातल्या, असे आम्ही ठरवून टाकले आणि बाबांचा आक्षेप फेटाळला गेला.

आता ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत. मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली अमेरिकेत जॉर्डन मेकनर या तरुणाने तयार केला. आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात तो फ्लॉपीवर असे आणि सर बाहेर गेले की आम्ही मुली आळीपाळीने खेळत असू. पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा तळघरातून पळत सुटतो, खाली सुळे, वर सटकणाऱ्या फरशा, आणि हातात तास एकच. साठ मिनिटांत राजकन्येला दुष्ट वजीर जाफरच्या तावडीतून सोडवायचे. तो मुलगा इतका खऱ्यासारखा धावे की आम्हाला नवल वाटायचे. त्याचे कारण असे की मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला-उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र रेखाटले. खेळाचे संगीत त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिले. म्हणजे ज्या नायकाला खेळात घरदार नाही, त्याचे अंग भावाचे आणि सूर वडिलांचे! हे वडील मूळचे व्हिएन्नाचे. १९३८ साली हिटलरच्या फौजा तिथे शिरल्यावर ज्यू कुटुंबांवर जी वेळ आली ती यांच्यावरही आली आणि लहानपणीच त्यांना घर सोडून परागंदा व्हावे लागले. ती सगळी कहाणी मेकनर यांनी अलीकडे ‘रिप्ले’ या चित्रमय आत्मचरित्रात सांगितली आहे. त्याची इंग्रजी आवृत्ती २०२४ साली निघाली.

हे सगळे मुलीला सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे खरी घरची गोष्ट त्याने पस्तीस वर्षांनी लिहिली!” मुले कधी कधी असा हिशेब चटकन करतात.

तर २००३च्या गेममध्ये कथा पार बदलली आहे. राजपुत्र हा शाहरामान राजाचा मुलगा. बापलेक फौज घेऊन हिंदुस्थानातल्या एका महाराजांच्या राजवाड्यावर चाल करतात. महाराजांचाच वजीर फितूर होऊन दरवाजे उघडतो. लुटीत काळाची वाळू भरलेले प्रचंड घटिकापात्र, काळ मागे नेणारा खंजीर आणि महाराजांची मुलगी फराह असे सगळे हाती लागते. ही लूट घेऊन ते आझादच्या सुलतानाकडे जातात. फराह ही सुलतानासाठी आणलेली भेटवस्तू! तिथे वजिराच्या नादी लागून राजपुत्र खंजिराने वाळू मोकळी करतो आणि सगळा राजवाडा, खुद्द त्याचे वडीलसुद्धा, वाळूचे राक्षस होतात. पुढे राजपुत्राला त्या वडिलांशीच लढावे लागते. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त रुस्तुम अजाणता आपल्या मुलाला, सोहराबला मारतो. इथे ते उलटे झाले आहे, आणि मुलगा अजाण नाही.

(जाता जाता : २०२० साली या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली तेव्हा ते काम पुणे आणि मुंबईच्या कचेऱ्यांकडे होते. २०२२ मध्ये ते कॅनडातल्या माँट्रियलला हलवले. पुण्याच्या मावशीला हे कळल्यावर तिने नातीच्या वहीविषयी एकदम आस्था दाखवायला सुरुवात केली.)

मुलीने वहीची दोन भागांत वाटणी केली. डावीकडे ‘गेममध्ये आहे’, उजवीकडे ‘मी ठरवले’. डावीकडचे काही बदलायचे नाही, हा पहिला नियम. हा नियम तिला आजीने घालून दिला. “बुवा आख्यान कितीही फुगवतात, पण द्रौपदीचं वस्त्रहरण चुकवत नाहीत,” असे आजीचे म्हणणे. सासूबाईंचे माहेर नांदेडकडचे, जन्म निजामाच्या राज्यातला. कीर्तने, सप्ताह यांत त्यांचे बालपण गेले. वडील मात्र उर्दूतून शिकलेले. त्यामुळे गोष्ट कशी सांगावी याचे दोन्हीकडचे वळण त्यांना आहे आणि आठवीतल्या लेखिकेला हे घरबसल्या मिळाले.

डावीकडची बाजू भरायला घेतल्यावर पहिल्याच दिवशी गाडी अडली. वडील : शाहरामान. भाऊ : मलिक, वयाने मोठा, हा २०१०च्या ‘द फरगॉटन सँड्स’ या गेममध्ये आहे. आई : ? पुढे काहीच नाही. मुलीने तिन्ही-चारी गेम पालथे घातले. २००५च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये राजपुत्र बॅबिलॉनला आपल्या घरी परततो, तिथे वडिलांचा मृतदेह सापडतो, वडिलांची तलवार तो उचलतो. घर आले, वडील आले, तलवार आली. आईचा पत्ता नाही.

मग मला आठवले की जुन्या मालिकेतला १९९३चा दुसरा भाग होता. त्यात राजपुत्र एका उद्ध्वस्त नगरात बेशुद्ध पडतो, तेव्हा एका राणीची छाया त्याला दिसते आणि ती सांगते की मी तुझी आई, तू राजवंशातला, आमच्यावर काळोखाच्या फौजा चालून आल्या तेव्हा एकटा तू वाचलास. नाव मात्र तिलाही नाही. शिवाय २०१०चा जो चित्रपट आला त्यात तर राजपुत्र, म्हणजे दास्तान, हा रस्त्यावरचा पोरका मुलगा आहे आणि राजाने त्याला दत्तक घेतले आहे. म्हणजे एका कथेत आई भूत, एकीत आई मुळी नाहीच, आणि एकीत आई-बाप दोन्ही अज्ञात.

“यातलं खरं कुठलं धरायचं?” या प्रश्नावर दोन दिवस गेले. शेवटी तिने २००३ची मालिका खरी धरायची आणि १९९३मधून फक्त एक गोष्ट उसनी घ्यायची असे ठरवले : आई आहे, पण ती दिसत नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. सगळ्या आवृत्त्या एकत्र शिवायला गेले असते तर गोधडी झाली असती.

आता गंमत पुढे आहे. राजपुत्राच्या आईविषयी अवाक्षर न काढणाऱ्या या गेममध्ये फराहच्या आईची मात्र एक आठवण आहे. लहानपणी भीती वाटली, एकटे वाटले की म्हणायचा एक शब्द तिच्या आईने तिला शिकवलेला असतो. तो म्हटला की दार उघडते. अंधारात अडकलेले असताना ती हा शब्द राजपुत्राला सांगते : ‘काकोलुकिया’. शेवटी राजपुत्र काळ मागे फिरवतो, त्यामुळे जे घडले ते घडलेच नाही असे होते. फराह त्याला ओळखत नाही. जाताना ती नाव विचारते, तेव्हा तो म्हणतो, मला काकोलुकिया म्हण. आणि ती थक्क होते, कारण हा शब्द तिने कुणाला सांगितलेलाच नसतो!

मुलगी हे सगळे हातवारे करून सांगत होती. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या थांबल्या. “काय शब्द म्हणालीस?” मुलीने पुन्हा सांगितला. “अगं बाई, हे तर आपलं काकोलूकीय!”

काक म्हणजे कावळा, उलूक म्हणजे घुबड. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव ‘काकोलूकीय’. वाचकांपैकी ज्यांनी नववी-दहावीला संस्कृत घेतले होते त्यांना आठवत असेल. कावळ्यांचा राजा मेघवर्ण, घुबडांचा राजा अरिमर्दन. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी आपल्याच राजाकडून मार खाल्ल्याचे सोंग करून घुबडांच्या किल्ल्यात आश्रय मागतो. रक्ताक्ष नावाचा घुबडांचा मंत्री ओरडून सांगतो की याला ठेवू नका, पण ऐकतो कोण! शेवटी स्थिरजीवी आतून वाट करून देतो आणि किल्ला जळून खाक होतो.

म्हणजे आतला माणूस फितूर होतो आणि किल्ला पडतो. गेमची सुरुवात तंतोतंत हीच. फरक एवढाच की पंचतंत्रात आपण कावळ्यांच्या बाजूने असतो म्हणून स्थिरजीवी मुत्सद्दी, आणि गेममध्ये वजीर नीच. मुलीने डाव्या पानावर ‘वजीर = स्थिरजीवी’ असे लिहून भोवती तीन चौकटी काढल्या.

मी त्यात भर घातली. पंचतंत्र आणि इराण यांचे नाते फार जुने आहे. सहाव्या शतकात अनुशिर्वान, म्हणजे पहिला खुस्रो, याच्या दरबारातल्या बुर्झो नावाच्या वैद्याने ते पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचे अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केले. हे कलीला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक. तिथून ही कथा जगभर गेली. तेव्हा इराणच्या राजपुत्राच्या तोंडी काकोलुकिया यायला काहीच हरकत नाही.

यावर आमच्या घरात बरीच खलबते झाली. सासूबाईंना एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. “हिंदुस्थानच्या महाराजांची मुलगी आणि नाव फराह? हे कसं?” हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसाला फराह हे नाव परके नाही, पण प्रश्न रास्त होता. मुलीने त्यावर तोड काढली. फराहची आई इराणहून लग्न होऊन आलेली असेल! तिनेच मुलीचे नाव ठेवले आणि तिनेच तो शब्द शिकवला. पंचतंत्र इराणात जाऊन तिच्याबरोबर परत आले. मला तर ही कल्पना इतकी पटली की मी दोघींना आइस्क्रीम दिले.

मग लेखिकेचा धीर वाढला. तिने ठरवले की राजपुत्राची आईही तोच शब्द जाणत होती, तिने तो त्याला पाळण्यात ऐकवला होता. म्हणून तर शेवटी त्याच्या तोंडून तो आपसूक निघतो! ऐकायला गोड. पण आजी मान हलवू लागली. “नको बाई. तो शब्द त्या पोरीनं त्याला सांगितला, आणि तिला ते आठवत नाही, यातच सगळी गंमत आहे. त्याला आधीच माहीत असेल तर शेवट बसला.” मुलगी रुसली. एक दिवस वही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो परिच्छेद खोडला आणि समासात लिहिले, ‘आजी बरोबर आहे (तरी पण!).’ माझ्या मते निबंधाच्या दहा तासिकांत जे शिकवता येत नाही ते या एका खोडण्यात आले.

आता मूळ प्रश्न राहिलाच. आई दिसत का नाही? वहीत उत्तरे लिहिली होती. बाळंतपणात गेली, हे तिला फार सोपे वाटले, “सगळ्या गोष्टींत तसंच असतं.” राजाने सोडली, मग मलिक आणि हा, दोघांची आई एक की दोन? ‘शाहनामा’तल्या बायका मी तिला सांगितल्या : रुस्तुमची आई रुदाबा काबूलची, सोहराबची आई तहमिना, जिने मुलाच्या दंडावर बापाची खूण बांधून पाठवले. त्या तिला आवडल्या, पण नाव उचलायला ती तयार होईना.

एका रात्री, दिवे गेले होते, आम्ही तिघी गच्चीत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, “आई, फराहला लुटीत आणतात ना, भेट द्यायला. मग त्याची आई पण तशीच आली असेल. दुसऱ्या कुठल्या तरी लढाईत. म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. राजवाड्यात आल्यावर तिचं नाव बदललं असेल, आणि जुनं नाव कुणाला माहीतच नसेल.”

मी काही बोलले नाही. आठवीतल्या मुलीला हे कसे सुचले, याचा विचार करत होते. गेममध्ये तो प्रसंग दोन मिनिटांत सरतो. भेट म्हणून माणूस दिला जातो, आणि पुढे तीच मुलगी नायिका होते म्हणून आपण ते विसरतो. ही विसरली नव्हती.

सासूबाई अंधारातच म्हणाल्या, “माझंही बदललं होतं.”

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत आहे, ती सर्वांना ठाऊक आहे. सासूबाई सतराव्या वर्षी या घरात आल्या. त्या दिवशी लिहिलेले नावच मी पंचवीस वर्षे ऐकत आले, रेशनकार्डावर तेच, पेन्शनच्या कागदांवर तेच. माहेरचे नाव त्यांनी त्या रात्री सांगितले. ते इथे छापायचे नाही, अशी त्यांची अट आहे आणि ती मी पाळते आहे.

“म्हणजे तुला पण लुटून आणलं?” नातीने विचारले.

“काहीतरीच काय बोलतेस! वाजत-गाजत आणलं. तुझ्या पणजोबांनी स्टेशनावर बँड लावला होता.” मग थोड्या वेळाने, “नवीन नाव मला आवडायचं गं. चांगलंच होतं. फक्त कुणी विचारलं नाही. आणि माझी आई गेल्यावर जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.”

माझ्या लग्नात नाव बदलण्याचा विषय निघाला होता, तेव्हा सासूबाईंनी एका वाक्यात तो मिटवला होता : “तिचं आहे ते राहू द्या.” त्यांनी त्या वेळी कारण सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

यानंतर वहीचा रोख जरा बदलला. मुलीला आमची वंशावळ हवी झाली. ती माझ्या सासऱ्यांनी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीवरून उतरवून आणलेली, आता मोठ्या दिरांकडे चौकटीत लावलेली आहे. त्यांनी फोनवर फोटो पाठवला. अकरा पिढ्या, सुबक अक्षर, फांद्या-पाने काढलेली. मुलगी बोट फिरवत खाली आली आणि म्हणाली, “यात आजी कुठंय?” आजी नव्हती. मी नव्हते. एकही बाई नव्हती. अकरा पिढ्या जणू पुरुषांनी पुरुषांना जन्म दिला! हे आमच्याच घरचे वैशिष्ट्य नाही. छापील कुलवृत्तांतांत निदान ‘पत्नी’ म्हणून एक ओळ असते. घरगुती वंशावळी काढून पाहा, बहुतेक ठिकाणी हेच दिसेल.

दिरांना विचारले, नावे घालायची का? ते माणूस म्हणून फार चांगले आहेत, पण म्हणाले, “वडिलांच्या हातचं आहे, त्यात खाडाखोड नको.” त्यांचेही म्हणणे मला समजते. त्या कागदावर सासऱ्यांचे अक्षर आहे आणि ते आता मिळायचे नाही. मग मुलीने आजीला समोर बसवून एका पाठकोऱ्या कागदावर नवी वंशावळ काढायला घेतली, फक्त बायकांची. आजी, तिची सासू, सासूची सासू; प्रत्येकीच्या खाली माहेरचे नाव, गाव. सासूबाईंचे वय आता चौऱ्यांशी. कालचे जेवण आठवत नाही, पण नांदेडची गल्ली आठवते. चार पिढ्यांपर्यंत त्या गेल्या. पाचव्या ठिकाणी अडल्या. “तिला सगळे मोठीआईच म्हणायचे. नाव... नाव कुणी घेतच नव्हतं.” दोन दिवस त्या अधूनमधून थांबून आठवत होत्या, देवपूजेच्या मध्येसुद्धा. आठवले नाही. विचारणार कुणाला? त्या वेळची त्या एकट्याच उरल्या आहेत. मुलीने तिथे ‘मोठीआई’ लिहून पुढे जागा सोडली आहे.

गोष्टीकडे परत येते. राजपुत्राच्या आईला आता दोन नावे आहेत. राजवाड्यातले नाव सगळे घेतात. दुसरे एकाच प्रकरणात येणार, एकदाच. ते काय आहे ते मलाही सांगितलेले नाही. आजीला माहीत असावे, कारण दोघी हसतात.

भाषेचा प्रश्न वेगळाच. पहिल्या खर्ड्यात ‘किंगने प्रिन्सला ऑर्डर दिली’ असे वाक्य होते. मी ते ‘बादशहाने शहाजाद्याला फर्मान दिले’ असे करून दाखवले. “हे मराठी आहे?” तिने विचारले. मग आम्ही शाळेच्या वस्तूच मोजल्या. दप्तर फारसी, कागद फारसी, शाई फारसी, वर्गाचा दरवाजा फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले, तरी पेशवे स्वतः फारसी नावानेच राहिले. इराणच्या राजपुत्राची गोष्ट सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडायची नाही. ‘किंग’ गेला, ‘ओके’ मात्र अजून दोन ठिकाणी आहे. लढाईच्या वर्णनात ते बरे वाटते, असे लेखिकेचे मत.

सात प्रकरणांचा बेत आहे. दोन लिहून झाली. तिसऱ्यात फौज बॅबिलॉनहून निघते आणि तिथे काम थांबले आहे, कारण हत्ती-घोडे आणि सामानासह तिथून हिंदुस्थानात यायला किती दिवस लागतील, वाटेत पाणी कुठे मिळेल, हे तिला नीट कळायला हवे. उगीच ‘काही दिवसांनी’ असे लिहायला ती तयार नाही. शाळा सुरू झाली की भूगोलाच्या बाईंना गाठायचे तिने ठरवले आहे. बाईंना मधल्या सुट्टीत वेळ असेल की शाळा सुटल्यावर यावे, एवढे कृपया तिच्या वर्गशिक्षकांकडे कळवावे. नकाशा ती स्वतः घेऊन येईल.